टपावर काय ठेवायचं?

मराठवाड्यात आकाशातून बर्फ पडतो तो गारांच्या रूपात, आणि तो पडला की दुसऱ्या दिवशी लोक पंचनाम्याची वाट बघतात. तरीही गेले दोन महिने आम्हा चौघांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच वाद चालू आहे: गाडीच्या छतावर स्की आणि स्नोबोर्ड नेण्यासाठी कोणतं कॅरिअर घ्यायचं? गाडी माझी. बेत असा की छत्रपती संभाजीनगरहून निघायचं, धुळे, इंदूर करत उत्तरेला जायचं आणि मनालीच्या वर सोलंगला बर्फात उतरायचं. आमच्यातल्या एकाने मनालीच्या पर्वतारोहण संस्थेत स्कीइंगचा प्राथमिक कोर्स केला आहे. त्याला आता स्वतःच्या स्की हव्यात, आणि स्की आल्या की त्यांना न्यायला कॅरिअर हवं.

हसू येणं साहजिक आहे. पण बर्फाचं आणि या शहराचं अगदीच नातं नाही असंही नाही. 2001 साली शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत झेकियातली स्कोडा कंपनी आली. झेकियात हिवाळ्यात स्की घेऊन डोंगरात जाणं हा नेहमीचा शिरस्ता. 2010 मध्ये या कंपनीची ‘यती’ नावाची गाडी भारतात आली आणि तिची जुळणी इथेच, शेंद्र्यात झाली. हिममानवाचं नाव लावलेली गाडी ज्वारी-कापसाच्या मुलखात तयार होत होती. तेव्हा इथल्या कुणाला बर्फाची स्वप्नं पडली तर त्याला वेड्यात काढायची गरज नाही. प्रश्न वेगळाच आहे: ज्या आयुष्याची आपण कल्पना करतो, त्याच्यासाठी आज किती जागा राखून ठेवायची?

कॅरिअर निवडायला बसलं की हा प्रश्न आकड्यांत समोर येतो. प्रत्येक गाडीच्या पुस्तिकेत छतावर चालत्या गाडीत किती वजन ठेवता येईल याचा आकडा दिलेला असतो. समजा तो 75 किलो आहे. त्यात आडव्या दांड्यांचं वजनही धरायचं, ते समजा 6 किलो. वर बंद पेटी बसवली तर तिचे 19. उरले 50. चार जोड्या स्की, बांधणीसकट, साधारण 24 किलो. म्हणजे कागदावर जमतं. पण तेवढं वजन डोक्यावर घेतलेली गाडी वळणावर जास्त झुकते आणि ब्रेक लावल्यावर वरचं सगळं पुढे जायला बघतं. म्हणून पट्टे थोडं अंतर गेल्यावर थांबून पुन्हा तपासायचे असतात. स्कीची वळलेली टोकं मागच्या बाजूला ठेवायची असतात, नाहीतर समोरून येणारा वारा त्यांना उचलू पाहतो.

आणखी एक गोष्ट मला या शोधात कळली, ती जास्त विचार करायला लावणारी. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बऱ्याच गाड्यांच्या छतावर ज्या चंदेरी रेल दिसतात, त्या नुसत्या शोभेच्या असतात. त्यांच्यावर वजन ठेवू नये असं पुस्तिकेत लिहिलेलं असतं. दिसायला गाडी अशी की आत्ता हिमालयात निघेल, आणि प्रत्यक्षात त्या रेलला धान्याचं एक पोतंही पेलणार नाही.

गंमत म्हणजे छत हा गाडीचा असा भाग आहे, जो आत बसलेल्याला कधीच दिसत नाही. तो दिसतो रस्त्यावरच्या लोकांना आणि वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना. अमेरिकी अर्थतज्ज्ञ थॉर्स्टीन व्हेब्लेनने 1899 मध्येच लिहून ठेवलं होतं की माणसं बऱ्याच वस्तू वापरण्यासाठी नव्हे, दाखवण्यासाठी घेतात. पण शोभेची रेल त्याच्याही पुढे गेली आहे. ती श्रीमंती दाखवत नाही, तयारी दाखवते: मी ओझं उचलू शकतो, मी लांब जाणारा माणूस आहे. आणि तयारीचं सोंग श्रीमंतीच्या सोंगापेक्षा वाईट असं मला वाटतं. कारण श्रीमंतीवर कुणी विसंबत नाही, पण ‘मी उचलेन’ या शब्दावर दुसरा माणूस आपलं सामान ठेवतो.

ज्यांनी खरोखर ओझी वाहिली त्या टपांवर शोभा नव्हतीच. एसटीच्या मागे शिडी असायची आणि वर लोखंडी जाळी. खेड्यातल्या काळी-पिवळी जीपच्या टपावर पोती, सायकली, लग्नाची भांडी आणि सणासुदीला चार माणसंही. ते धोक्याचं होतं आणि आहे, त्याचं कौतुक करण्यासारखं काही नाही. पण त्या टपावर काय ठेवायचं हा प्रश्न कुणाला पडत नव्हता. गरज आधी होती, जागा नंतर शोधली जायची. आमच्या ग्रुपवर मात्र आधी जागा विकत घ्यायची आणि मग तिला शोभेल असं आयुष्य शोधायचं, असा उलटा प्रवास चालला होता.

रिकामी जागा फुकट मिळत नाही. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी 60 च्या वेगाला जेवढा विरोध, त्याच्या चौपट ताशी 120 ला. समृद्धी महामार्गावर कारला 120 ची परवानगी आहे. म्हणजे वर्षातून आठ दिवसांच्या बर्फासाठी लावलेलं कॅरिअर उरलेले दिवस वाऱ्याशी भांडत राहणार, आणि त्या भांडणाचं पेट्रोल मी भरणार. धूर तर सगळ्यांच्याच वाट्याला. वापरात नसलेली ऐपत अशी रोज थोडी थोडी किंमत वसूल करते.

मग काय, काहीच घेऊ नये? हे उत्तर आपल्या परिसरात जुनं आहे. विद्यापीठामागच्या डोंगरातल्या लेण्यांत जे भिक्खू राहिले, त्यांच्या परंपरेत भिक्खूच्या मालकीच्या वस्तू आठ: तीन चीवरं, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कमरपट्टा आणि पाणी गाळायचं फडकं. वेरूळच्या जैन लेण्यांमागे तर अपरिग्रहाचं व्रतच उभं आहे. आठ वस्तूंना कॅरिअर लागत नाही.

पण अर्धी गोष्ट सांगून थांबता येत नाही. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठण आणि तेर या गावांची नावं येतात. तिथून माल गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचच्या बंदराला जायचा. असाच व्यापार करणाऱ्या लोकांनी आपल्याकडच्या अनेक लेण्यांना दान दिलं. शिलालेखांत त्यांची नावं आहेत. म्हणजे ज्याच्याकडे आठच वस्तू होत्या त्याचं छप्पर, गाडीभर ओझं वाहणाऱ्याच्या पैशातून कोरलं गेलं. तेव्हा ओझं किती, यावरून माणूस चांगला की वाईट ठरत नाही. त्या ओझ्यामुळे कुणाला आसरा मिळाला, हे बघावं लागतं.

हे मला सुचलं ते आजीमुळे. गाडीचा हप्ता मी भरते, पण गाडी घरची आहे. आजीला आता व्हीलचेअर लागते. घडी केली तरी ती अख्खी डिकी खाते. येत्या चैत्रात कुलदैवताला, तुळजापूरला जायचं ठरतंय. मुक्कामाचं सामान आणि व्हीलचेअर दोन्ही डिकीत बसत नाही. हा हिशेब घरात सुरू झाला की आजी आपणहून म्हणते, “मी काय करू बाई तिथं येऊन? तुम्ही जाऊन या, माझा नमस्कार सांगा.” तिला येऊ नको असं कुणीच म्हणत नाही. डिकीच म्हणते, आणि आजी ते सगळ्यांच्या आधी ऐकते.

युरोपातल्या अनेक गाड्यांत मागच्या सीटच्या मधोमध एक झडप असते. ती उघडून लांबलचक स्की डिकीतून आत सरकवता येतात. सोय चांगली आहे, फक्त मधल्या माणसाची जागा जाते. कॅरिअरचं खरं काम इथे कळतं. सामान वर जायचं ते माणूस आत बसावा म्हणून. मी ही कसोटी धरली आणि माझ्यापुरता वाद सुटला: छतावर जे चढवल्याने आत एक माणूस वाढतो, ते घ्यायचं.

ग्रुपवर मी तसं लिहिलं. स्कीवाला मित्र चिडला. “तुझ्या नैतिकतेत माझ्या छंदाला जागाच नाही,” असं त्याने लिहिलं. त्याचा राग मला खोटा वाटत नाही. जे कधी केलं नाही ते करून बघायला आधी स्वतःची तशी कल्पना करावी लागते. कोरडवाहू मुलखातल्या पोराने बर्फाची कल्पना करू नये, हा उपदेश मला कुणाला करायचा नाही. वर्षाचे तीन महिने बर्फात घालवणाऱ्यासाठी स्कीचे चिमटे लावलेलं कॅरिअर ही गरजच आहे. माझा मुद्दा एवढाच की कल्पनेतल्या माणसासाठी जागा करताना घरातला माणूस बाहेर राहू नये. शेवटी त्यानेच तोड काढली. स्की आणि बोर्ड सोलंगला भाड्याने मिळतात, तिथल्या लोकांचं त्यावर पोटही चालतं. पायाच्या मापाचे स्वतःचे बूट मात्र तो घेणार. बूट चुकले तर स्कीइंगची मजा जाते, आणि बुटांना चिमटे लागत नाहीत.

म्हणून मी घेते आहे त्या दोन साध्या आडव्या दांड्या आणि पाणी आत न जाणारी एक मोठी बॅग. दांड्या कंपनीने दिलेल्या जागांवर बसणाऱ्या आहेत. छताला भोकं पाडून काही ठोकायचं नाही, कारण गाडीच्या मूळ रचनेत बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमाची आडकाठी आहे, आणि पावसाळ्यात छत गळतं ते वेगळंच. हिवाळ्यात त्या बॅगेत जाड जाकिटं आणि बूट जातील. चैत्रात कपडे, अंथरुणं आणि देवीची ओटी. परत आलं की दांड्या काढून माळ्यावर.

तुम्हीही कॅरिअर बघत असाल तर आधी पुस्तिका उघडून तो वजनाचा आकडा शोधा, आणि छतावरची रेल खरी आहे का ते बघा. मग एकदा डिकी उघडून विचारा, इथलं सामान वर गेलं तर आत कोण बसेल? नाव सुचलं तर दांड्या जरूर घ्या. आमच्याकडे ते सुचलं आहे. फक्त आजीला अजून सांगितलेलं नाही, आणि तिने नमस्काराचा निरोप देऊन ठेवला आहे.