बरे होण्याचा भार

रोग गेला की रोगी मुक्त झाला, असे आपण सहजच गृहीत धरतो. तापासारख्या आजाराच्या बाबतीत ते खरेही असते. कारण ताप येण्यापूर्वी माणसाचे एक जीवन असते आणि ताप उतरल्यावर तो त्याच जीवनात परततो. परंतु ज्याला बालपणापासून अपस्माराने ग्रासले, त्याला परतावयास असे पूर्वीचे जीवनच नसते. शस्त्रक्रियेने अशा माणसाचे झटके थांबविले, म्हणजे त्याच्याविषयीचे आपले कर्तव्य संपले काय, हा प्रश्न मला वैद्यकाइतकाच नीतीचाही वाटतो.

जगात सुमारे ५ कोटी माणसांना अपस्मार आहे. त्यांतील सुमारे ७० टक्के लोकांचे झटके योग्य औषधांनी आटोक्यात येऊ शकतात. उरलेल्यांना औषधे पुरी पडत नाहीत. योग्य रीतीने निवडलेली दोन औषधे घेऊनही झटके न थांबल्यास अपस्मार औषधांना न जुमानणारा समजावा, अशी व्याख्या २०१० साली तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघाने केली. अशांपैकी काहींच्या मेंदूत झटक्याचे उगमस्थान नेमके सापडते आणि ते काढून टाकता येते. आपल्या देशात वेल्लोर येथे डॉ. जेकब चांडी यांनी १९५२ सालीच ही शस्त्रक्रिया केली होती. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातील एका चाचणीत ८० रुग्णांचे दोन गट केले होते. वर्षअखेर शस्त्रक्रियेच्या गटातील ५८ टक्के रुग्ण शुद्ध हरपणाऱ्या झटक्यांतून मुक्त होते, तर केवळ औषधांवर ठेवलेल्या गटातील ८ टक्के. ज्यांना ही शस्त्रक्रिया योग्य आहे, त्यांच्यापर्यंत ती पोचलीच पाहिजे, याविषयी दुमत नसावे.

मात्र तिला मोल द्यावे लागते. ‘अपस्मार’ या शब्दातच स्मृतीचा लोप आहे. आणि दैवदुर्विलास असा की, या विकारावरील शस्त्रक्रियेचे मोलही कित्येकदा स्मृतीनेच चुकवावे लागते. १९५३ साली अमेरिकेत हेन्री मोलेसन या तरुणाच्या मेंदूचा दोन्ही बाजूंचा अंतर्भाग काढण्यात आला. त्याचे झटके पुष्कळ कमी झाले, पण नवी आठवण साठविण्याची शक्ती कायमची गेली. २००८ साली त्याचा मृत्यू झाला, तोवर पंचावन्न वर्षे तो भूतकाळावाचून जगला. त्याच्या उदाहरणाने शल्यविशारद सावध झाले. तरीही, भाषा ज्या बाजूस वसते त्या बाजूचा शंखखंड काढल्यास शब्दांची स्मृती मंदावण्याचा धोका आजही असतो. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाची स्मृती, भाषा आणि आकलन यांची कसोटी घेतात.

येथे आम्हां परप्रांतस्थ मराठी माणसांना एक गोष्ट विशेष जाणवावी. येलहंक्याच्या एखाद्या मराठी गृहिणीला सगळे बंगळूर ओलांडून निम्हान्समध्ये जावे लागले, तर तिची शब्दस्मृती कोणत्या भाषेत तपासावयाची? बाजारापुरते कन्नड आणि अर्जापुरते इंग्रजी येणाऱ्या बाईला त्या भाषांतील शब्दांची यादी आठवली नाही, तर तो दोष स्मृतीचा की भाषेचा? तिची तपासणी तिच्याच भाषेत व्हावी आणि तिला संभाव्य हानी तिच्याच भाषेत समजावून सांगितली जावी, यात सौजन्याचा भाग थोडा आणि न्यायाचा अधिक आहे. जे नीट समजले नाही त्याला दिलेली संमती ही संमती नव्हे.

पुनर्वसन शस्त्रक्रियेनंतर सुरू होते, हा समज म्हणूनच चुकीचा आहे. ते तिच्या पूर्वीच सुरू व्हावयास हवे. झटके थांबले की नोकरी मिळेल, लग्न ठरेल, घरात मान मिळेल, अशा आशा रुग्णाने आणि आप्तांनी मनाशी बांधलेल्या असतात. शल्यविशारद मेंदूतला दोष काढतो. नोकरी त्याच्या हातात नसते. औषधेही लगेच बंद होत नाहीत, आणि काहींचे झटके काही वर्षांनी परततात. हे आधी सांगितले नाही, तर यशस्वी शस्त्रक्रियेनंतरही माणूस खिन्न होतो.

याहून सूक्ष्म गोष्ट मेलबर्नच्या अभ्यासकांनी २००१ साली मांडली आणि तिला ‘प्रकृतिस्थ असण्याचे ओझे’ अशा अर्थाचे नाव दिले. ज्याला वीस वर्षे कोणी एकट्याने रस्ता ओलांडू दिला नाही, चुलीपाशी जाऊ दिले नाही, व्यवहारात घेतले नाही, त्याच्याकडून शस्त्रक्रियेनंतर सर्वजण एकाएकी कर्तेपणाची अपेक्षा करू लागतात. ‘आता तर तू बरा झालास!’ हे वाक्य त्याला आरोपासारखे लागते. इकडे जिने त्याची राखण करण्यातच आयुष्य घालविले, त्या आईच्या किंवा पत्नीच्या हातचे कामच नाहीसे होते. एकट्याने प्रवास करणे, पैसे सांभाळणे, विसरभोळेपणावर टिपणवहीचा उतारा शोधणे, चारचौघांत बोलणे हे सर्व त्याला शिकवावे लागते, आणि कुटुंबाला हात सोडावयास शिकवावे लागते.

सरकारी कचेरीत मराठी माणसाला एका शब्दाचे वैचित्र्य जाणवते. कामावर रुजू होताना ‘फिट’ असल्याचा दाखला लागतो. आणि ज्याला ‘फिट’ येते त्याला तो मिळणे कठीण! सावधगिरी सर्वत्र अन्याय्य असते असे नाही. येथील रेल्वेच्या चाक-कारखान्यात वितळलेल्या पोलादाजवळ अशा माणसाला उभे करू नये. मोटार चालविण्याच्या परवान्याच्या अर्जात अपस्माराविषयी प्रश्न विचारतात, तोही इतरांच्या प्राणांसाठी. परंतु फाइलीवर टिपण लिहिताना झटका आला, तर धोका कोणाला? सावधगिरी जेथे कारण देऊ शकत नाही, तेथे तिचा पूर्वग्रह झालेला असतो. हिंदु विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीने वारंवार येणारा अपस्मार वेडाच्या पंक्तीला बसविला होता. तो शब्द १९९९ साली काढून टाकण्यात आला. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याच्या अनुसूचीत २१ प्रकार आहेत, पण अपस्माराचे स्वतंत्र नाव त्यांत नाही. नोकरी देणाऱ्याच्या लेखी हा माणूस आजारी, सवलत देणाऱ्याच्या लेखी धडधाकट!

शस्त्रक्रियांसाठीच जेथे रांगा आहेत, तेथे या सोयींना पैसा कोठून आणावयाचा, असा आक्षेप येईल. तो खोटा नाही. पण यातले बरेचसे काम पैशाहून माणसांच्या संगतीने होते. पुण्यात, या विकाराशी स्वतः झुंजलेल्या यशोदा वाकणकर यांनी ‘संवेदना’ हा स्वमदत गट उभा केला; तेथे अपस्मार असलेली माणसे एकमेकांशी मोकळेपणी बोलतात, आणि विकार न लपविता विवाह जुळविण्याचेही प्रयत्न होतात. महाराष्ट्राबाहेरच्या आमच्या मंडळांना गणेशोत्सवाचे कार्यक्रम ठरविताना एवढे एक काम अंगावर घेणे अशक्य नाही: निम्हान्समध्ये आलेल्या मराठी कुटुंबाला दुभाष्या मिळवून देणे, आणि शस्त्रक्रियेनंतरच्या वर्षात त्याला एकटे न सोडणे.

नटराजाच्या मूर्तीत अपस्मारपुरुष पायाखाली दबलेला असतो. तो मेलेला नसतो. परंपरेने हे सत्य फार पूर्वी ओळखले होते असे मी म्हणत नाही. पण झटक्यांना आवर घालणे हे वैद्यकाचे काम, आणि त्यानंतर त्या माणसाला उभे राहावयास जागा करून देणे हे आपले काम. पहिले काम कौशल्याने पार पडूनही दुसरे झाले नाही, तर रोग गेला एवढेच म्हणता येईल. माणूस बरा झाला असे म्हणता येणार नाही.