अभिषिक्ताला हिशेब विचारावा का?

प्रश्न : मी मूळचा अहिल्यानगरचा. नोकरीसाठी बंगळूरला इलेक्ट्रॉनिक सिटीत राहतो. घरची मंडळी लांब पडली, म्हणून रविवारी इथल्याच एका फ्लॅटमध्ये भरणाऱ्या प्रार्थनासभेला जातो. मी दशमांशाचा हिशेब विचारला, तेव्हा पाळक म्हणाले, देवाच्या अभिषिक्ताला हात लावू नये असं वचन आहे. मी पाप केलं का?
– एक वाचक

उत्तर : नाही. वचन आहे खरं, 105व्या स्तोत्रात. पण त्याच्या वरच्या ओळी वाचा. तिथले अभिषिक्त म्हणजे अब्राहाम, इसहाक, याकोब. संख्येनं थोडे, परक्या मुलखांत भटकणारे. ताकीद दिली आहे ती राजांना. त्या हिशेबानं पाळकांपेक्षा पोटासाठी परमुलखात आलेले तुम्हीच त्या वचनाला जवळचे!

दावीदानं अभिषिक्त शौलावर हात टाकला नाही, हा दाखलाही तुम्हाला ऐकवला जाईल. टाकला नाहीच. मात्र गुहेबाहेर येऊन सगळ्यांदेखत त्याला जाब विचारला (1 शमुवेल 24). पुढे दावीद स्वतः राजा झाला आणि चुकला, तेव्हा नाथान संदेष्ट्यानं त्यालाही तोंडावर सुनावलं. अंत्युखियात तर पौलानं थेट पेत्रालाच धरलं. पेत्र परराष्ट्रीयांबरोबर जेवत असे. यरुशलेमहून माणसं आली तसा तो पंगतीतून उठू लागला. पंगतीचं हे भांडण मराठी माणसाला वेगळं समजावायला नको.

अधिकाऱ्यांच्या आज्ञेत राहा, असं इब्री 13 मध्ये आहे आणि ते टाळून चालणार नाही. पण त्याच वचनात त्या अधिकाऱ्यांनाही हिशेब द्यायचा आहे, असं म्हटलंय. तो देवाला, हे कबूल. पैशाचं काय? यरुशलेमच्या गरिबांसाठी गोळा झालेली मदत पोचवताना पौलानं मंडळ्यांनी निवडलेला माणूस बरोबर घेतला, कोणी बोट दाखवू नये म्हणून (2 करिंथ 8). पौलाला जे कमीपणाचं वाटलं नाही, ते तुमच्या पाळकांना का वाटावं?

पंडिता रमाबाईंचा 1883 मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा झाला. दोनच वर्षांत सिस्टर जेराल्डीन यांना त्यांनी कळवलं, की एका पुरोहितवर्गाचं जू मोठ्या कष्टानं उतरवलंय, दुसऱ्याचं मानेवर घेणार नाही. जेराल्डीन त्यांच्या धर्ममाता होत्या, तरी बाई बधल्या नाहीत. त्यांनी ख्रिस्तही सोडला नाही. केडगावचं मुक्ती मिशन उभं केलं आणि मूळ भाषा शिकून सोप्या मराठीत बायबल उतरवण्यात उरलेलं आयुष्य घातलं.

तेव्हा मत्तय 18 चा क्रम पाळा. आधी पाळकांना एकांतात विचारा, मग एका-दोघांना बरोबर घेऊन, मग सगळ्या सभेपुढे. आवाज चढवू नका, हिशेब लेखी मागा. तो मिळेपर्यंत तुमचा दशमांश अहिल्यानगरच्या मंडळीला पाठवा.