अनोळखी माणसाचे देणे
शतपथ ब्राह्मणात देव, ऋषी आणि पितर यांच्या ऋणांबरोबर मनुष्यऋणही सांगितले आहे. आजच्या रस्त्यावर हे ऋण फेडण्याचे एक साधन म्हणजे वाहनाचा तृतीय पक्ष विमा. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १४६ ने तो सक्तीचा केला. हप्ता मालक भरतो, संरक्षण मात्र अपघातात सापडलेल्या परक्याला मिळते. म्हणूनच विमा हा निव्वळ स्वतःच्या सोयीचा सौदा मानता येत नाही.

हा करार परम सद्भावावर उभा असतो. आधीचा दावा लपवून नो क्लेम बोनस पदरात पाडणे म्हणजे सरळ लबाडी होय. फॉर्म एजंटाने भरला, तरी सही करणाऱ्याची जबाबदारी सुटत नाही.

विमा रद्द करताना खरी कसोटी लागते. गाडी विकली, पैसे हाती आले, पण आरसीवर नाव जुनेच राहिले, आणि मालकाने ‘आता आपला संबंध संपला’ म्हणून पॉलिसीही मोडली, तर मधल्या काळात जखमी होणाऱ्याने भरपाई कोणाकडे मागायची? सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नोंदणीकृत मालकालाच जबाबदार धरले. नैतिकदृष्ट्याही तेच योग्य आहे: नवा विमा लागू होईपर्यंत जुना मोडू नये.