पदवीचे घड्याळ

आमच्या धाकट्याचा इंजिनियरिंगचा शेवटचा निकाल २०२४ च्या जूनमध्ये लागला आणि त्याच रात्री कुवेतहून मुलांच्या मामूंचा फोन आला. मुबारकबाद देऊन झाल्यावर ते म्हणाले, "दुल्हाभाई, आता पोराच्या हाताला एक चांगलं स्विस घड्याळ पाहिजे. पुढच्या सुट्टीत मी घेऊनच येतो. निम्मे तुमचे, निम्मे माझे." किंमत विचारली, तर आपल्या रुपयांत दोन लाखांच्या घरात. आम्ही हायस्कुलात चौतीस वर्षे मराठी शिकवून निवृत्त झालेले. लाख रुपये आमच्याकडे नव्हते असे नाही. ग्रॅच्युइटीची रक्कम बँकेत पडून होती. खरे सांगायचे तर आम्ही मनातून हरखलो. फोन ठेवला तेव्हा पलीकडे तांदूळ निवडत बसलेल्या आमच्या बेगमने मान वर न करता एवढेच विचारले, "थोरलीला काय दिलं होतं आपण?"

थोरली २०१४ साली बी.एस्सी. झाली. त्या दिवशी घरात खीर झाली होती आणि आम्ही तिला एक शाईचे पेन दिले होते. ते आम्हाला आठवले, पण बोललो नाही.

पुढचे काही दिवस आम्ही या घड्याळाबद्दल ज्याला त्याला विचारत सुटलो. सल्ला विचारणाऱ्या माणसाला बहुधा हवे ते उत्तर ऐकायचे असते, हे कबूल केलेले बरे. मोहल्ल्यातल्या एका बुजुर्गांनी इसराफचा विषय काढला. अपव्यय करणाऱ्यांना कुरआन शरीफने सैतानाचे भाऊ म्हटले आहे, हे त्यांनी सूरे बनी इस्राईलचा हवाला देऊन सांगितले. ते खरेच आहे. पण अल्लाहने आपल्या बंद्यांसाठी निर्माण केलेली शोभा हराम कोणी ठरवली, असा सवालही त्याच कुरआनने सूरे आराफमध्ये केला आहे. शिवाय त्या बुजुर्गांच्याच घरच्या लग्नात वलीमा दोनदा झाला होता, एकदा गावात आणि एकदा मुंबईत. आपल्या समाजात लग्नाच्या मंडपावर आणि देगांवर लाखो रुपये उधळले जातात तेव्हा इसराफची आयत कोणाच्या ओठावर येत नाही. पोराने पदवी घेतली आणि त्याला काही द्यायचे म्हटले की सर्वांना ती आठवते. हा न्याय आम्हाला पटला नाही. पुरुषाला सोने वर्ज्य, ही गोष्ट वेगळी. घड्याळ स्टीलचे होते, तो प्रश्न तिथेच मिटला.

उलट बाजूने आमच्याजवळ भक्कम दलील होती. न्यायमूर्ती सच्चर समितीचा अहवाल २००६ च्या नोव्हेंबरमध्ये आला. त्यात २००१ च्या जनगणनेच्या आधारे दाखवून दिले होते, की वीस वर्षांवरील लोकसंख्येत पदवी किंवा पदविका घेतलेल्यांचे प्रमाण सुमारे सात टक्के आहे आणि मुसलमानांत ते चार टक्क्यांहूनही कमी आहे. त्यानंतर बरेच पाणी वाहून गेले, कोकणातल्या आमच्या खाडीकाठच्या गावांतून मुले-मुली मोठ्या संख्येने शिकली. तरीही ज्या घराने ही चौकट पहिल्यांदा ओलांडली, त्या घराला ती खूण जपाविशी वाटली तर त्यात गैर काय? बिस्मिल्लाहखानीला आपण पाटी देतो, खतनाला नवे कपडे करतो, निकाहला मेहेर ठरवतो. पदवीसाठी आपल्याकडे काहीच रीत नाही, कारण आपल्या बापजाद्यांना पदवीच ठाऊक नव्हती. मग रीत घालायला कोणी तरी सुरुवात करायला हवी.

ही रीत आमच्या घरात मात्र होती. ती अब्बांनी घातली होती.

आम्ही १९८३ साली चिपळूणच्या कॉलेजातून बी.ए. झालो. अब्बा जहाजावर खलाशी. सही करण्यापुरते लिहिता येत असे. निकालानंतर पंधरा दिवसांनी ते मुंबईहून लाँचने उतरून घरी आले आणि खिशातून रुमालात गुंडाळलेले एक घड्याळ काढून त्यांनी आमच्या डाव्या मनगटावर स्वतःच्या हाताने बांधले. एचएमटीचे. आजच्या मुलांना या तीन अक्षरांचा रुबाब सांगून कळणार नाही. जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने १९६१ साली बंगलोरला सरकारी कारखान्यात ही घड्याळे होऊ लागली आणि पुढची पंचवीस वर्षे देशातल्या नोकरदाराच्या, शिक्षकाच्या, नवरदेवाच्या मनगटावर तेच दिसे. मागणी इतकी की दुकानदार 'सांगून ठेवा' म्हणत. रोज सकाळी फज्रच्या नमाजनंतर आम्ही त्याला चावी देत असू. त्या घड्याळावर आम्ही बी.एड. केले, नोकरीचा पहिला तास घेतला, आमचा निकाह लागला. २०१६ साली तो कारखाना बंद करण्याचा निर्णय झाला, हे पेपरात वाचले तेव्हा आम्हाला घरातले माणूस गेल्यासारखे वाटले होते.

म्हणजे मामूंच्या फोनने आम्ही हरखलो, ते त्या स्विस घड्याळाला नव्हे. रुमालाची गाठ सोडणारे ते दोन हात आम्हाला आठवले होते. बापाने दिलेले मुलाला द्यावे, असे आम्हाला वाटत होते. वाटण्यात चूक नव्हती. पण एचएमटी आणि हे घड्याळ यांत एक मूलभूत फरक आहे आणि तो आम्हाला धाकट्यानेच शिकवला. एचएमटी घेतले ते वेळ कळण्यासाठी. आज वेळ मोबाइलवर कळते. धाकटा म्हणाला, चावीच्या किंवा आपोआप चावी बसणाऱ्या उंची घड्याळाला स्वित्झर्लंडमध्ये अचूकतेचे प्रमाणपत्र मिळते, तेही दिवसाला चार सेकंद मागे किंवा सहा सेकंद पुढे चालण्याची मुभा धरून. पाचशे रुपयांचे क्वार्ट्झ घड्याळ, ज्याच्यातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, ते महिन्याला साधारण तेवढेच चुकते. म्हणजे जास्त पैसे मोजून आपण कमी अचूक वेळ विकत घेतो. मग पैसे कशाचे?

याचे सर्वात हुशार उत्तर जिनिव्हाच्या पाटेक फिलिप कंपनीने १९९६ सालापासून आपल्या जाहिरातींतून दिले आहे. चित्रात बाप आणि मुलगा असतात, आणि मजकुराचा भाव असा, की हे घड्याळ तुमच्या मालकीचे कधी होतच नाही, तुम्ही ते पुढच्या पिढीसाठी फक्त सांभाळता. वाचून आम्ही चकित झालो. ही तर आपली अमानतीची कल्पना! पण जरा थांबून विचार केला तेव्हा लक्षात आले, की अमानत या शब्दाचा आपल्याकडचा अर्थ जाहिरातवाल्यांना परवडणारा नाही. आपल्याकडे अमानत म्हणजे दुसऱ्याचा हक्क असलेली वस्तू. ज्याची आहे त्याला ती पोहोचवावी लागते. तेव्हा दोन लाखांची वस्तू हातात घेऊन 'ही अमानत आहे' म्हणणाऱ्याने, ती कोणाची, हेही सांगायला हवे.

इथे बेगमचा प्रश्न पुन्हा समोर आला.

हजरत नुअमान बिन बशीर (रजि.) यांची हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे, आणि मौलवीसाहेबांकडून ती आम्ही लहानपणापासून ऐकत आलो होतो. त्यांचे वडील बशीर यांनी नुअमानला एक भेट दिली, एक गुलाम. नुअमानच्या आईने, अमरा बिन्त रवाहा यांनी, पैगंबर साहेबांना (स.अ.) याला साक्षी करा, त्याशिवाय मला समाधान नाही, असे म्हटले. बशीर मुलाला घेऊन गेले. पैगंबर साहेबांनी एकच गोष्ट विचारली: तुझ्या सगळ्या मुलांना असेच दिलेस का? नाही, म्हणाल्यावर त्यांनी साक्षीला नकार दिला आणि भेट परत घ्यायला सांगितले. दुसऱ्या एका रिवायतीत त्यांनी बशीर यांना असेही विचारल्याचे येते, की सगळ्या मुलांनी तुझ्याशी सारखेच चांगले वागावे असे तुला वाटत नाही का?

ही हदीस आपण वारसाहक्काच्या भांडणात ऐकवतो, जमिनीच्या वाटपात ऐकवतो. घड्याळाच्या संदर्भात ती आमच्या डोक्यात आली नव्हती. त्यात भेटीची किंमत विचारलेली नाही, ती चैनीची आहे की गरजेची हेही विचारलेले नाही. विचारले ते जे तिथे हजर नव्हते त्यांच्याविषयी. फुकहांमध्ये यावर मतभेद आहेत. बहुतेक इमामांनी अशी बरोबरी मुस्तहब मानली, हंबली मजहबात ती वाजिब मानतात. मुलगा आणि मुलगी यांना भेट देताना समान द्यावे की वारशाच्या प्रमाणात, यावरही चर्चा आहे. पण पेन आणि स्विस घड्याळ हे प्रमाण कोणत्याही मजहबात बसणार नाही.

आम्ही धाकट्याला हे सांगितले. तो वाईट मुलगा नाही. तो शांतपणे म्हणाला, "अब्बा, पण बाजीनं कधी मागितलं होतं का?"

या वाक्याने आम्हाला दोन रात्री झोप लागली नाही. कारण ते आमचेच वाक्य होते. फार वर्षांपूर्वी ते आम्ही अम्मीला म्हटले होते.

अब्बांच्या इंतकालनंतर काही वर्षांनी, बोलता बोलता अम्मी म्हणाली होती, की १९८३ साली अब्बांना जहाजच मिळाले नव्हते. सात महिने ते मुंबईत पाळीची वाट पाहत बसले होते. मग घड्याळाचे पैसे कुठले? आमच्या आपाचे. आपा आमच्याहून सहा वर्षांनी मोठी. सातवीपर्यंत शिकली, पुढे अम्मीच्या आजारपणात शाळा सुटली. शेजारच्या घरचे शिलाईचे मशीन दुपारी उसने घेऊन ती गावातल्या बायकांचे कपडे शिवत असे आणि स्वतःचे मशीन घेण्यासाठी पै पै साठवत असे. ते पैसे अब्बांनी 'जहाज लागलं की देतो' म्हणून घेतले. जहाज लागले, पण तोवर घराच्या कौलांचे निघाले, मग आमच्या बी.एड.चे. मशीन आले ते आपाच्या निकाहनंतर, सासरी. हे ऐकून आम्ही अम्मीला म्हणालो होतो, "पण आपानं कधी मागितले नाहीत." अम्मी गप्प राहिली. आम्हीही तो विषय तिथेच सोडला आणि घड्याळ वापरत राहिलो.

अब्बांना आम्ही दोष देत नाही. निरक्षर माणसाच्या घरात पहिला बी.ए. झाला, त्याच्या हाती काही न ठेवता तो निकाल साजरा करणे त्यांना जमले नसते. पण ज्या मनगटावर ते घड्याळ होते, ते नमाजमध्ये हात बांधताना दिवसातून पाच वेळा आमच्या उजव्या हाताखाली झाकले जात होते, आणि ते कोणाच्या पैशांचे आहे हे आम्हाला माहीत नव्हते. पुढे माहीत झाले, तरी काही बदलले नाही. सवय ही फार मोठी गोष्ट आहे. आपल्या घरांतल्या मुली मागत नाहीत, ही आपण त्यांची तारीफ म्हणून सांगतो. न मागणे आपणच त्यांना शिकवलेले असते, आणि वर तोच पुरावा म्हणून पुढे करतो.

मशिदीत भिंतीवर नमाजच्या वेळांचा लाकडी तक्ता असतो. त्यावर रंगवलेल्या घड्याळांचे काटे बांगी हाताने फिरवतो. एका दुपारी असरच्या आधी आम्ही त्यासमोर बसलो होतो. कुवेतहून आलेल्या एका तरुणाने वुजूसाठी मनगटावरचे घड्याळ काढून हौदाच्या काठावर ठेवले होते, चांगले किमती असावे, आणि चेहरा धुताना तो दर खेपेला डोळा उघडून ते जागेवर आहे का, हे पाहत होता. आम्हाला हसू आले. मग वाटले, हसण्यासारखे काही नाही; आमच्या धाकट्याचेही असेच झाले असते.

शेवटी आम्ही थोरलीला फोन केला. ती आता दापोलीला एका शाळेत शिकवते. सगळे सरळ सांगितले आणि म्हटले, लाख रुपये आहेत, निम्मे तुझे. ती आधी हसली, मग म्हणाली, "माझं राहू दे, त्याला घड्याळ घ्या." आम्ही म्हणालो, ते आम्ही ऐकणार नाही. बराच वेळ ती काही बोलली नाही. नंतर म्हणाली, "एम.एड. करायचं राहिलंय. फी भराल?" दहा वर्षांत हे तिने एकदाही म्हटले नव्हते. आम्हीही विचारले नव्हते.

मामूंना फोनवर नकार कळवला तेव्हा ते नाराज झाले. आमच्या भेटीत तुम्ही हिशोब कशाला आणता, म्हणाले. त्यांचे म्हणणे अगदीच चूक नाही. त्यांच्या निम्म्या पैशांचे काय करायचे ते त्यांनी ठरवावे. धाकट्याच्या हाती आम्ही त्याच्या वाट्याची निम्मी रक्कम ठेवली. त्याने चिपळूणच्या बाजारातून चार हजारांचे टायटन घेतले आणि बाकीच्या पैशांत पुण्याच्या खोलीचे डिपॉझिट भरले. तो अजून थोडा रुसलेला आहे. फोनवर बोलताना ते जाणवते.

आपाकडे मात्र आम्ही गेलो. एचएमटी बरोबर घेतले होते. बेचाळीस वर्षांनी तो विषय काढला, तेव्हा तिला आधी काही आठवेनाच, किंवा तिने तसे दाखवले. मग घड्याळ हातात घेऊन उलटसुलट पाहिले आणि विचारले, "किती होते रे ते पैसे? मला वाटतं, एकशे साठ." आकडा तिला पक्का ठाऊक होता. आम्ही पाकीट पुढे केले. तिने ते घेतले, मोजले नाही, उशीखाली सरकवले आणि चहा ठेवायला उठली.