परक्याची गाडी

बेळ्ळंदूरच्या आउटर रिंग रोडवर दुरुस्त गाडीची चाचणी घेणारा कारागीर तुम्ही पाहिला असेल. ब्रेकचा आवाज पारखण्यासाठी त्याला गाडी वेगात नेऊन एकदम थांबवावी लागते; ते त्याचे कर्तव्यच. पण त्याच गाडीतून तो जेवायला गेला तर? १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे १५४ वे कलम अशा अनधिकृत वापरातून झालेल्या नुकसानीची भरपाई मागते. नुकसान झाले नाही, तर ते कलम गप्प. १५१ वे म्हणते, सुज्ञ मनुष्य स्वतःच्या वस्तूची घेईल तितकी काळजी घ्यावी. ज्याने स्वतःची गाडी कधी बाळगलीच नाही, त्याने हे माप कोठून आणावे? लूकच्या सोळाव्या अध्यायात क्रम उलट आहे: परक्याचे आधी, स्वतःचे मागाहून. मला तोच अधिक न्याय्य वाटतो, कारण त्यात मालकीची अट नाही. मात्र किल्ली सोपवताना आपण त्या कारागिराचे नाव तरी विचारतो काय?