लग्न कोणाचं?

मुंबईत पाऊस लागला की पाहुण्यांना दाखवायला दोनच जागा उरतात, सिनेमा आणि म्युझियम. सिनेमाला पैसे फार पडतात, म्हणून मी पूर्वापार म्युझियमप्रेमी आहे. 2013 साली लोकल डहाणूपर्यंत आली आणि माझं हे प्रेम फारच वाढलं. सकाळची गाडी धरायची, पूर्वीच्या प्रिन्स ऑफ वेल्सच्या, म्हणजे आताच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या घुमटाखाली पाहुण्यांना उभं करायचं आणि "1905 साली पायाभरणी, 1922 साली लोकांना खुलं" हे स्वतःच विटा वाहिल्याच्या थाटात सांगायचं!

आमचा पालघर जिल्हा झाला त्या 2014 च्या पावसाळ्यात मात्र माझ्याबरोबर वेगळे पाहुणे होते. शेजारच्या चिकूच्या वाडीत कामाला येणारी तलासरीकडची वारली मावशी आणि तिची नात. नातीला राणीच्या बागेतला हत्ती पाहायचा होता. दादरला गाडी बदलून भायखळ्याला पोचतो न पोचतो तोच पावसानं गाठलं. हत्ती राहिला बाजूला, आम्ही धावत शेजारच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयात शिरलो. "1872 सालचं आहे बरं का," मी सवयीनं सुरुवात केली. मावशीचं लक्षच नव्हतं. ती काचेच्या कपाटापुढे उभी होती. आत मातीची छोटी छोटी माणसं होती, नाना जातींची, नाना धंद्यांची.

"मास्तर, यांनी काय केला म्हणून यांना आत घातला?"

मावशी कलेक्टरलाही 'तू' म्हणेल, त्यामुळे तिला उत्तर देताना हुद्द्याचा आधार मिळत नाही. मी म्हटलं, "लोकांनी बघावीत म्हणून."

"आमाला बघाय येतात तवा काच नाय लावत."

पाड्यावर कॅमेरे घेऊन उतरणारी मंडळी मी पाहिलेली आहेत. खरं तर त्यांना रस्ता दाखवायला मीच जातो.

परतीच्या गाडीत मी काचेची बाजू मांडली. लग्नाला सवाशिणींनी कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक काढायचा, लग्न झालं की तो धुरानं काळवंडायचा, पुढे सारवणाखाली जायचा. कागद आला म्हणून तर आपल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशेंची चित्रं परदेशात गेली, 2011 साली पद्मश्री मिळाली. (मशे 2018 साली गेले, चित्रं आहेत.) अनेक घरांत चूल पेटली ती त्याच कागदावर. हे सगळं आजही मला खरंच वाटतं. मावशीलाही पटलं असावं, कारण विरारपर्यंत ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "कागद बरा. पर पुढच्या लग्नाला भित कोरी पायजे ना?"

आता कबुली द्यायला हवी. त्याच दिवाळीत आमच्या हिच्या आग्रहावरून मी दिवाणखान्याची एक भिंत गेरूनं रंगवून घेतली आणि मावशीला चौक काढायला बोलावलं.

"लग्न कोणाचा?" तिनं विचारलं.

"कोणाचं नाही. भिंत ओकीबोकी दिसते."

तिनं दोन दिवस खपून बांबूच्या काडीनं झाडं काढली, तारप्याचा नाच काढला, चौकाची चारही बाजूंची नक्षी काढली. आतला भाग मात्र मोकळाच. तिथे पालघट देवी हवी, एवढं मला वाचून ठाऊक होतं. मी विचारलं. "ती लग्नाला येते," मावशी म्हणाली. "शोभेला नाय येत."

आणि मी, चाळीस वर्षं मुलांना मूल्यशिक्षण दिलेला माणूस, खिशातून पाचशेची आणखी एक नोट काढली! तिनं नोटेकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि खळखळून हसली. ठरलेले पैसे तेवढे मोजून घेतले.

पुण्याचे पाहुणे तो चौक पाहून हरखतात. एकांनी तर "मोकळ्या जागेचा काय वापर केलाय!" म्हणून मान डोलावली. मी चहा पुढे केला.

यंदा त्या भिंतीला ओल आली आहे. ही म्हणते, वेळेवर काच बसवून घ्या. मावशीला विचारलं तर म्हणाली, "सारवून टाक. बिगरलग्नाची भित, किती दीस ठेवशील?" काचवाला येऊन माप घेऊन गेला. त्याला पुढच्या सोमवारी ये म्हटलं होतं. त्याला आता तीन सोमवार झाले. चौथ्या सोमवारी मी मुंबईला जातोय, नागपूरचे पाहुणे यायचे आहेत.