हवेची मोजणी आणि गावाचा वाटा

प्रत्येक मोजणीत दोन पक्ष असतात. एक मोजणारा आणि दुसरा मोजला जाणारा. ह्या दोघांस एका पंक्तीस बसवावे असा विचार अलीकडे हवेच्या परीक्षणाच्या बाबतीत पुढे आला आहे. शास्त्रज्ञाने यंत्र आणावे, गावाने ते सांभाळावे, आणि अनुमान उभयतांनी मिळून काढावे. कल्पना स्तुत्य आहे. परंतु ‘गाव’ म्हणून ज्यास वाटेकरी करावयाचे तो नेमका कोण, हा प्रश्न यंत्र टांगण्यापूर्वीच विचारला पाहिजे. आणि तो विचारण्यास उजनीच्या काठासारखे दुसरे स्थळ नाही.

भीमेवरील हे धरण १९८० साली पुरे झाले. येथील लोकांस मोजणी हा शब्द नवा नाही. ज्या मोजणीने त्यांच्या शेतांवरून पाण्याची रेषा ओढली, तिचे आकडे कचेरीत गेले ते नोटिसा होऊनच परत आले. अशा गावी नवे यंत्र घेऊन जाणाराने, आकडा प्रथम कोणाच्या हाती पडणार हे आधी सांगावे, ही अपेक्षा रास्तच म्हटली पाहिजे.

त्याच पाण्यावर ऊस वाढला व उसामागून कारखाने आले. गळिताच्या हंगामात, थंडीच्या पहाटे, गार हवा जमिनीलगत साचून राहते व धुरास वर जाण्यास वाट मिळत नाही. हा धूर धुराड्याचा असतो, चुलीचा असतो आणि फडात पेटविलेल्या पाचटाचाही असतो. २०१९ च्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात सोलापूर शहराचा समावेश झाला खरा. पण शहरातील यंत्रास पाऊणशे किलोमीटरांहून दूरच्या फडाची वार्ता कशी लागावी? तेव्हा गावाने आपली हवा आपणच मोजावी, हे ओघानेच आले.

तमिळनाडूत कडलूरच्या औद्योगिक वसाहतीशेजारील गावकऱ्यांनी २००४ साली बादलीत बसविलेल्या पिशवीत हवा भरून ती तपासणीस पाठविली होती. तेथे प्रतिपक्ष कुंपणापलीकडे होता. उजनीकाठी असे कुंपण नाही. यंत्र पुसणारा हात आणि पाचटास काडी लावणारा हात एकच असण्याचा संभव आहे. तो हात दुष्ट आहे असे मात्र कोणी समजू नये. पाचट कुजविण्यास वेळ लागतो, माणसे लागतात, आणि खोडव्यास पाणी देण्याची घाई असते. आपल्या शेताचे नाव आकड्यास जोडू नये असे त्याने म्हटल्यास ते मानावे. आकडाच दाबावा असे म्हटल्यास मात्र मानू नये; कारण धूर त्याच्या बांधाशी थांबत नाही.

तो प्रथम पोहोचतो कोप्यांपर्यंत. बीड-नगरकडून आलेले ऊसतोडणी कामगार लेकराबाळांसह फडाशेजारी राहतात, सर्वांत अधिक धूर घेतात, आणि हंगाम संपताच निघून जातात. वैशाखात ग्रामसभेपुढे निष्कर्ष वाचले जातील तेव्हा त्यांच्यापैकी एकही तेथे नसेल. अशी सभा भरगच्च झाली तरी तिला गावाची संमती म्हणण्यास आमचे मन धजत नाही. बैठक हंगामातच घ्यावी. रात्री, कोप्यांजवळ, आणि बायकांनाही बोलता येईल अशी.

यंत्राच्या उणिवाही झाकू नयेत. स्वस्त यंत्र प्रकाशाच्या विखुरण्यावरून कण ओळखते. दमट हवेत कण पाणी पिऊन फुगतात, म्हणून जलाशयाकाठी पहाटेचा आकडा वाजवीहून मोठा दिसू शकतो. प्रमाणित यंत्राशेजारी काही दिवस ठेवून त्याची पारख करावी लागते. शिवाय अडीच मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांची चोवीस तासांची मर्यादा आपल्याकडे घनमीटरास ६० मायक्रोग्रॅम आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली १५ सांगितली. चाळिसाचा दिवस एकीच्या मते निर्दोष, दुसरीच्या मते अडीचपटीहून वाईट! गावास दोन्ही मर्यादा सांगाव्यात. एकच सांगणे म्हणजे निकाल आधीच लिहून नेणे होय.

यंत्र कोठे टांगावे ह्या प्रश्नास बहुधा ग्रामपंचायतीच्या छपराचेच उत्तर येईल, कारण तेथे वीज असते. कोप्यांजवळ सहसा ती नसते. तेव्हा बॅटरीचा खर्च पहिल्याच अंदाजपत्रकात धरावा.